बदामी की गडद पारवा? पश्चिमेच्या हॉलमध्ये आणि अंधाऱ्या खोलीत इमल्शनच्या दोन छटा

पुण्यात घराच्या आतल्या भिंतींचा रंग ठरवताना बहुतेक कुटुंबे शेवटी दोन टोकांशी येऊन थांबतात. एका टोकाला मोतिया, बदामी, हस्तिदंती अशा फिकट आणि उबदार छटा असतात, आणि दुसऱ्या टोकाला सॅम्पल फ्लॅटमधून अलीकडे सर्रास दिसणाऱ्या गडद व थंड छटा, म्हणजे मोरपंखी, निळसर करडी, पारवा. कर्वेनगरमधल्या आमच्या जुन्या इमारतीतील फ्लॅटला मागच्या वर्षी पावसाळा सरल्यावर रंग काढला, तेव्हा एकाच कंपनीच्या, एकाच प्रतीच्या इमल्शनमध्ये आम्ही एक बदामी आणि एक गडद पारवा अशा दोन छटा घेतल्या. त्यानंतर या भिंतींनी हिवाळा, उन्हाळा आणि पावसाळा असे तिन्ही ऋतू पाहिले आहेत, म्हणून आता त्यांच्याविषयी जबाबदारीने लिहिता येईल असे वाटते.

इमल्शन वरच्या प्रतीचे होते. एशियन पेंट्सची रॉयल, बर्जरची सिल्क, नेरोलॅकची इम्प्रेशन्स किंवा ड्युलक्सची व्हेल्वेट टच ज्या वर्गात मोडतात, त्या वर्गातले. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे नोंदवलेले गुण आणि दोष छटेचे, फिनिशचे आणि भिंतीचे आहेत, आणि डब्यावरचे नाव वेगळे असते तरी त्यांत फारसा फरक पडला नसता. माझे मत मात्र सुरुवातीलाच सांगते. बदामी रंग कमी उजेडाच्या खोलीला शोभतो आणि गडद पारवा भरपूर उन्हाच्या भिंतीला. आपल्याकडे सहसा नेमके उलटे केले जाते; पाहुण्यांसाठी म्हणून हॉल फिकट ठेवतात आणि झोपायची खोली म्हणून बेडरूम गडद करतात. दिशेचा आणि उजेडाचा विचार त्यात कुठेच होत नाही.

आमच्या हॉलची गॅलरी पश्चिमेला आहे. मार्चपासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत दुपारी तीननंतर तिथून जे ऊन आत येते, ते थेट समोरच्या भिंतीवर पडते आणि सूर्य मावळेपर्यंत हलत नाही. आतल्या बेडरूमची एकुलती एक खिडकी शेजारच्या इमारतीकडे उघडते. दोन इमारतींमधले अंतर इतके थोडे आहे की ऊन त्या खोलीत कधीच येत नाही. येतो तो समोरच्या भिंतीवरून परतलेला उजेड. ही खोली सासूबाईंची आहे आणि त्या सकाळी तिथेच खिडकीपाशी बसून वर्तमानपत्र वाचतात. त्यामुळे रंग निवडण्याचा प्रश्न आमच्यासाठी हौसेपुरता नव्हता.

शेडकार्डावरच्या टपालाच्या तिकिटाएवढ्या तुकड्यावरून रंग ठरवू नये, हे सगळेच सांगतात, पण का ठरवू नये हे क्वचितच सांगितले जाते. रंग डोळ्यांना कधीच एकटा दिसत नाही, तो शेजारच्या रंगाच्या तुलनेत दिसतो. पॅरिसच्या गोब्लां या गालिचे विणणाऱ्या सरकारी कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख असलेल्या मिशेल शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाकडे एकोणिसाव्या शतकात तक्रार आली होती की काळ्या धाग्याला पुरेसा काळेपणा येत नाही. त्यांनी तपासले तेव्हा काळ्या रंगात खोट सापडली नाही. निळ्या आणि जांभळ्या धाग्यांच्या शेजारी विणल्यामुळे तो फिका दिसत होता. आपल्याकडे हाच अनुभव जुन्या डिस्टेंपरच्या भिंतीवर येतो. पिवळट झालेल्या भिंतीवर करड्या छटेचा पट्टा मारला की तो आहे त्यापेक्षा निळा वाटतो, आणि पांढऱ्या पुट्टीवर मारलेला बदामी पट्टा आहे त्यापेक्षा गडद वाटतो. ग्राहक घाबरून एक छटा फिकी घेतो आणि चारही भिंती रंगल्यावर त्याला वाटते की रंग अंगावरच आला नाही.

यावर उपाय सोपा आहे आणि दुकानदारही त्याला हरकत घेत नाहीत. दोन्ही छटांचे छोटे डबे मशीनवर करून घ्यावेत, जाड पांढऱ्या ड्रॉइंग शीटवर रोलरने दोन हात द्यावेत, कडेने बोटभर पांढरी चौकट सोडावी आणि वाळलेले कागद वेगवेगळ्या भिंतींवर, जमिनीपासून वेगवेगळ्या उंचीवर टेपने लावून पाहावेत. सकाळी, दुपारी, दिवेलागणीला आणि रात्री ट्यूबलाइट लावल्यावर पाहावेत. आम्ही कोथरूडमधल्या ज्या दुकानातून रंग घेतला, तिथल्या मुलाने हे सगळे धीराने करू दिले आणि मूळ बदामीच्या सूत्रातले रंगद्रव्य निम्मे करून दुसरा डबाही बनवून दिला, याची नोंद करायला हवी.

आमच्या कागदांनी पहिल्याच आठवड्यात जे दाखवले ते कोणत्याही पुस्तकी सल्ल्याशी जुळणारे नव्हते. हॉलमध्ये गॅलरीसमोरच्या भिंतीवर लावलेला बदामी कागद सकाळी अगदी शांत, सायीसारखा दिसत होता, पण दुपारी चारनंतर तोच कागद पिवळाजर्द होऊन डोळ्यांना खुपू लागला. भर दुपारच्या सूर्यप्रकाशाचे रंगतापमान सुमारे ५५०० केल्व्हिन असते, सूर्य कलताना ते ३००० केल्व्हिनच्याही खाली उतरते, म्हणजे प्रकाश नारिंगी होत जातो. आधीच पिवळ्याकडे झुकलेल्या रंगावर असा प्रकाश पडला की पिवळेपणाची बेरीज होते. शिवाय बदामीसारखी फिकट छटा तिच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी साधारण तीन चतुर्थांश परत फेकते, त्यामुळे ते पिवळे ऊन एका भिंतीवर न थांबता छतावर, फरशीवर, टीव्हीच्या काचेवर पसरते आणि सगळा हॉल तापलेला वाटतो. खोलीचे प्रत्यक्ष तापमान आतल्या रंगाने जाणवण्याइतके बदलत नाही, पण डोळ्यांना होणारा त्रास खरा असतो.

पारवा कागद त्याच जागी, त्याच वेळी कमालीचा संयमित दिसला. गडद छटा पडलेल्या प्रकाशाचा जेमतेम दहावा भाग परत देते. पश्चिमेचे ऊन ज्या भिंतीवर सर्वांत आधी पडते तीच भिंत गडद असेल, तर ते तिथेच बऱ्याच अंशी शोषले जाते आणि उरलेल्या खोलीला मऊ उजेड मिळतो. नारिंगी प्रकाशात निळसरपणा थोडा मावळतो आणि भिंत कोमट राखाडी दिसते; ढगाळ दिवशी किंवा सकाळी तिचा खरा पारवा रंग परत येतो. दिवसातून इतक्या वेळा रूप बदलूनही कधीही वाईट न दिसणारी छटा मी आतापर्यंत दुसरी पाहिलेली नाही. शेवटी आम्ही गॅलरीसमोरची ती एकच भिंत गडद पारवा केली, उरलेल्या तीन भिंतींना निम्म्या तीव्रतेचा बदामी दिला आणि छत पांढरे ठेवले. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी ओढून घ्यावा लागणारा गॅलरीचा जाड पडदा या उन्हाळ्यात बहुतेक वेळा उघडा राहिला.

दिवेलागणीचा एक बारकावा इथे सांगण्यासारखा आहे. संध्याकाळी दिवे लावण्यापूर्वीच्या मंद उजेडात तांबूस-पिवळ्या छटा लवकर विझतात आणि निळसर छटा त्या मानाने उजळ राहतात. डोळ्यांचा हा गुण चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला नोंदवला होता आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. आमच्या हॉलमध्ये तो जुलैतल्या ढगाळ संध्याकाळी अगदी स्पष्ट दिसतो. शेजारच्या बदामी भिंती मळकट होत असताना पारव्या भिंतीची निळाई वर येते.

बेडरूममध्ये चित्र पूर्ण उलटले. तिथे पारवा कागद भर दिवसा जवळजवळ काळा दिसत होता. याचे कारण साध्या गुणाकारात आहे. खिडकीतून थोडाच उजेड येत असेल, तर खोलीच्या आतल्या कोपऱ्यापर्यंत तो भिंतींवरून परतत परतत पोहोचतो. भिंती ८० टक्के प्रकाश परत देणाऱ्या असतील, तर तीन वेळा परतल्यावर निम्म्याहून थोडा अधिक म्हणजे ५१ टक्के प्रकाश शिल्लक राहतो. भिंती दहाच टक्के परत देणाऱ्या असतील, तर तीन वेळांनंतर हजारातला एक भाग उरतो. छत पांढरे असल्याने प्रत्यक्षात परिस्थिती इतकी टोकाची नसते, पण दिशा हीच असते. ‘लहान खोलीला गडद रंग देऊ नये’ हा जुना सल्ला म्हणूनच अर्धाच खरा आहे. खोली लहान असून तिला मोठी, मोकळी खिडकी असेल तर गडद भिंत तिथे खुलते. खोली मोठी असून खिडकी डक्टकडे उघडत असेल तर नाही.

त्यातून खोलीत वयस्कर माणूस राहत असेल, तर या गोष्टीला आणखी वजन येते. वयानुसार डोळ्यातले भिंग पिवळट होत जाते आणि अंधारात बाहुलीही पूर्वीइतकी मोठी होत नाही, त्यामुळे तेच वर्तमानपत्र वाचायला त्यांना आपल्यापेक्षा पुष्कळ अधिक उजेड लागतो. आम्ही त्या खोलीच्या चारही भिंतींना पूर्ण तीव्रतेचा बदामी दिला, दाराची चौकट आणि स्विचबोर्डभोवतीची पट्टी मात्र गडद तपकिरी ठेवली, कारण फिकट भिंतीवर फिकट स्विचबोर्ड रात्री सापडत नाही. रंग झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, “आता सकाळी दिवा न लावता अग्रलेख वाचता येतो.” माझ्या दृष्टीने या छटेला मिळालेला सर्वांत मोठा शेरा तोच आहे. समोरच्या इमारतीवरून येणारा उजेड थोडा निळसर, निस्तेज असतो. बदामीतला पिवळेपणा तो भरून काढतो आणि जो रंग हॉलमध्ये खुपत होता तोच इथे अगदी सुसह्य, घरगुती वाटतो.

रंगाइतकाच दिवा महत्त्वाचा आहे, आणि या बाबतीत आपण फार बेफिकीर असतो. आपल्या घरांत वर्षानुवर्षे ६५०० केल्व्हिनची पांढरीशुभ्र ट्यूब लागत आली आहे. त्या प्रकाशात बदामी भिंत निस्तेज आणि किंचित हिरवट दिसते, तर पारवा भिंत इस्पितळासारखी थंड वाटते. उलट ३००० केल्व्हिनच्या वॉर्म व्हाइट दिव्यात निळा घटक कमी असल्यामुळे पारवा रंगाची निळाईच नाहीशी होते आणि उरतो तो कोळशासारखा काळपटपणा. आम्ही तपकीर गल्लीतून निरनिराळ्या रंगतापमानांचे एलईडी आणून पाहिले आणि दोन्ही खोल्यांत ४००० केल्व्हिनवर स्थिरावलो. दिवा घेताना खोक्यावरचा सीआरआय हा आकडाही पाहावा. रंग किती खरे दिसतील याचे ते माप आहे आणि ते शंभराच्या जितके जवळ तितके चांगले. ९० च्या पुढचा दिवा थोडा महाग पडतो, पण रंगावर इतका खर्च केल्यावर दिव्यात काटकसर करण्यात अर्थ नाही.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. बदामी रंगाचे काम विनातक्रार झाले. जुना रंग खरवडून, भेगांत लांबी भरून, पुट्टीचे दोन हात आणि प्राइमर झाल्यावर इमल्शनच्या दोन हातांत भिंत भरली. गडद पारव्याच्या वेळी मात्र आमच्या रंगाऱ्यांनी काम सुरू करण्यापूर्वीच सांगितले, “ताई, हा डीप बेस आहे. याला तिसरा हात लागणारच, आणि भिंतीला जरा जरी उंचवटा राहिला तरी तो ओरडून दिसेल.” त्यांचे दोन्ही म्हणणे खरे ठरले. इमल्शनला झाकणशक्ती देणारा मुख्य घटक म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरे रंगद्रव्य. गडद छटा बनवण्यासाठी कंपन्या ज्या बेसमध्ये रंग मिसळतात, त्यात हे पांढरे रंगद्रव्य कमी ठेवावे लागते, नाहीतर रंग गडद होतच नाही. त्यामुळे पहिल्या हातानंतर भिंत ढगाळ आणि चट्ट्यांची दिसते. पहिल्यांदाच गडद रंग देणाऱ्या माणसाचा जीव तिथे खालीवर होतो, पण त्या टप्प्यावर घाई करून जाड हात मारू नये. प्राइमरमध्येच थोडा राखाडी रंग मिसळून घेतला तर पुढचे काम बरेच सुकर होते, ही सूचना आम्हाला त्याच रंगाऱ्यांनी केली आणि ती फार उपयोगी पडली.

उंचवट्यांसाठी त्यांनी केलेले काम जवळून पाहण्यासारखे होते. पुट्टी वाळल्यावर खोलीतले दिवे बंद करून त्यांनी टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून तिरपी धरली. समोरून गुळगुळीत वाटणाऱ्या भिंतीवर लगेच पत्र्याच्या पात्याच्या रेघा, जुन्या खिळ्याच्या भोकांभोवतीचे फुगवटे आणि इलेक्ट्रिशियनने बुजवलेल्या खाचेचा लांब पट्टा सावल्यांसह उभा राहिला. त्या प्रत्येक जागी पेन्सिलीने गोल करून त्यांनी पुन्हा पुट्टी भरली आणि पॉलिशपेपर मारला. गडद भिंतीसाठी रंगारी ठरवताना दरापेक्षा तो ही टॉर्च लावतो की नाही, हे विचारावे.

फिनिशच्या बाबतीत गडद भिंतीला मॅट आणि फिकट भिंतीला हलकी चकाकी असलेले फिनिश, ही आमची निवड मी आजही बदलणार नाही. चकाकी असलेली गडद भिंत आरशासारखी वागते. गॅलरीचे दार, दिवे, पंख्याची पाती सगळे तिच्यात दिसू लागते. मात्र गडद मॅटचा एक मोठा दोष आहे आणि शेडकार्डावर तो कुठेही लिहिलेला नसतो. भिंतीवर काही घासले की तिथे पांढुरकी, चमकणारी रेघ उठते. दप्तराचा बंद, खुर्चीची पाठ, अगदी कोरड्या फडक्याने जोरात पुसणेही पुरते. डबा धुता येण्याजोगा म्हणून विकला जातो आणि डाग निघतोही, पण पुसल्याची खूण मागे राहते. ओल्या मऊ फडक्याने, दाब न देता पुसले तर खूण कमी राहते. आमच्या पारव्या भिंतीपासून सोफा वीतभर पुढे सरकवल्यावर हा त्रास बराच थांबला. घरात लहान मुले असतील आणि भिंत येण्याजाण्याच्या वाटेवर असेल, तर तिला गडद मॅट देऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगेन.

धुळीचे गणित लोकांना वाटते त्याच्या उलट आहे. मळखाऊ म्हणून गडद रंग घेतला जातो, पण आपल्या शहरात चहूकडे चाललेल्या बांधकामांची धूळ फिकट असते आणि ती गडद भिंतीच्या वरच्या कडेवर, फ्रेमच्या खांद्यावर चटकन दिसते. बदामीवर ती महिनोन्‌महिने लक्षातही येत नाही. त्यावर दिसतात ते हाताचे डाग.

पावसाळ्याने दोन्ही छटांची वेगवेगळी परीक्षा घेतली. पारव्या भिंतीच्या पलीकडे बाथरूम आहे, आणि ऑगस्टमध्ये तिच्या खालच्या कोपऱ्यात ओलीबरोबर आलेले क्षार पांढऱ्या पिठासारखे उमटले. बदामी भिंतीवर ते कदाचित दिसलेही नसते. इथे ते हॉलच्या दुसऱ्या टोकावरून दिसत होते. बाथरूमच्या टाइल्सचे सांधे भरून घेतल्यावर आणि भिंत वाळल्यावर टचअप केले, पण गडद रंगाचे टचअप लपत नाही. डबा तोच होता, रंगारी तेच होते, तरीही प्रकाश तिरपा पडला की तो चौकोन वेगळा दिसतो आणि खरी सफाई हवी असेल तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंतीला नवा हात द्यावा लागतो. बेडरूममध्ये कपाटामागे बुरशीचे बारीक काळे ठिपके आले. बदामीवर ते वेळीच दिसले, पुसून निघाले आणि तिथले टचअप आता शोधूनही सापडत नाही. ज्या भिंतीला ओल येते तिला गडद रंग देण्यापूर्वी ओलीचा बंदोबस्त करावा, आणि तो होत नसेल तर गडद रंगाचा विचार सोडून द्यावा.

खर्चात फरक पडतो, पण तो एका भिंतीपुरता असेल तर सहन होण्यासारखा आहे. गडद छटेत रंगद्रव्य जास्त जात असल्याने लिटरमागे दर चढतो आणि तिसऱ्या हाताची मजुरी वेगळी. बारा फूट लांब आणि साडेनऊ फूट उंच भिंत म्हणजे ११४ चौरस फूट. दोन हातांना जेवढा रंग लागतो त्याच्या दीडपट रंग धरून चालावे. चारही भिंती गडद करायच्या असतील तर मात्र हा हिशेब आधी कागदावर मांडावा.

आमच्यापेक्षा वेगळ्या दिशेची घरे असणाऱ्यांसाठी दोन शब्द. ‘उत्तरेकडच्या खोलीला उबदार रंगच हवा’ हा सल्ला सगळीकडे आढळतो, पण तो दूर उत्तरेकडच्या देशांतून आलेला आहे, जिथे उत्तरेच्या खिडकीत वर्षातला बहुतेक काळ फक्त निळसर, मलूल उजेड असतो. पुणे साधारण १८.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत आपल्याकडे माध्यान्हीचा सूर्यच डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो, आणि उरलेल्या वर्षातही मोकळ्या उत्तरेच्या खिडकीतून येणारा उजेड स्थिर आणि पुरेसा असतो. अशा खोलीत दोन्ही छटा चालतात, आणि गडद थंड रंगाची हौस असेल तर ती पुरवायला हीच जागा सर्वांत सुरक्षित आहे. पूर्वेच्या खोलीत सकाळचे कोवळे ऊन लवकर सरते आणि दुपारनंतर ती मवाळ होते, म्हणून तिथे मी बदामीच्या बाजूने कौल देईन. खिडकीसमोर गुलमोहर किंवा वड असेल तर पानांवरून येणारा हिरवा उजेड बदामीला पोपटी झाक देतो, तेव्हा कागद लावून पाहिल्याशिवाय तिथे काहीच ठरवू नये.

वेळेविषयी एवढेच, की दसऱ्याच्या आधी चांगले रंगारी मिळत नाहीत आणि मिळाले तरी घाईत असतात. शिवाय सप्टेंबरात भिंती अजून दमट असतात. दिवाळीनंतरचा काळ, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, दोन्ही दृष्टींनी चांगला. गडद रंगाला तर वाळायला दोन हातांमध्ये पुरेसा अवधी द्यावाच लागतो.

काम संपल्यावर डब्याच्या झाकणावर मशीनने चिकटवलेल्या पट्टीचा फोटो काढून ठेवावा. तिच्यावर छटेचा क्रमांक, बेस आणि रंगद्रव्यांचे प्रमाण असते. आमच्या निम्म्या तीव्रतेच्या बदामीला शेडकार्डात क्रमांकच नाही. ती छटा पुन्हा बनवायची तर त्या पट्टीखेरीज दुसरा आधार नाही. उरलेला रंग लहान, काठोकाठ भरणाऱ्या बरणीत घट्ट झाकण लावून ठेवावा, कारण अर्ध्या रिकाम्या डब्यात त्यावर साय धरते आणि टचअपच्या वेळी त्याचे खडे भिंतीवर येतात.